आजी त्या दिवशी हयात होत्या का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ सोलापूरचे, विजापूर रोडला राहतात. पत्र मोठं आहे, त्यातला मतलब एवढा: वडील ऑगस्ट 2021 मध्ये वारले. मागे आई, दोन मुलगे आणि पुण्यात दिलेली एक मुलगी. गिरणी बंद पडल्यावर मिळालेले पैसे आणि नंतर किराणा दुकानाची कमाई यांतून वडिलांनी बांधलेलं एक घर आहे. अक्कलकोट तालुक्यात चार एकर जिरायत आहे, ती आजोबांनी हयातीतच वडिलांना आणि चुलत्यांना वाटून दिलेली. बँकेत मुदत ठेव आहे, तिला नॉमिनी धाकटा भाऊ. वडिलांनी शंभराच्या स्टॅम्पवर मृत्युपत्र करून घर दोघा मुलांना दिलंय, त्यावर नोटरीचा शिक्का आहे. शेतीची वारस नोंद होताना बहिणीने तलाठ्यापुढे ‘मला हिस्सा नको’ असा जबाब दिला, म्हणून सातबाऱ्यावर आई आणि दोन भाऊ एवढीच नावं लागली. आता आई म्हणते, घराचं बक्षीसपत्र करून टाकू, माझ्यामागे कटकट नको. आणि धाकटा भाऊ ख्रिश्चन मुलीशी रजिस्टर लग्न करणार आहे. मुलीकडची मंडळी लग्नाआधी करार मागताहेत. प्रश्न असा की हे सगळं एकदाच कसं निस्तरायचं.

या पत्राच्या तिसऱ्या पानावर, बहिणीच्या जबाबाच्या ओघात, एक वाक्य आहे: ‘त्यानंतर 2023 मध्ये आजीही गेली.’ तुम्ही ते सहज लिहिलंय. मी मात्र तिथेच थांबलो.

वडील गेले त्या दिवशी त्यांची आई हयात होती. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला की पहिल्या वर्गाचे वारस एकदम येतात: बायको, मुलगे, मुली आणि आई. मयताचे वडील त्या वर्गात नाहीत, मयताची आई आहे. (तुम्ही लिंगायत आहात म्हणून हा कायदा लागू होतो का, असंही विचारलंय. होतो. वीरशैव, लिंगायत यांचा उल्लेख कायद्याच्या दुसऱ्या कलमातच आहे.) म्हणजे तुमच्या घराला चार वारस नव्हते, पाच होते. आणि पाचवी वारस 2023 मध्ये वारल्यावर तिचा हिस्सा तुमच्याकडे परत आला नाही. तो तिच्या वारसांकडे गेला, म्हणजे तुमच्या चुलत्यांकडे आणि आत्यांकडेसुद्धा.

एक चुलते आणि दोन आत्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मृत्युपत्र क्षणभर बाजूला ठेवा आणि घराचे 60 भाग करा. वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी आई, तुम्ही, भाऊ, बहीण आणि आजी, प्रत्येकाला 12. आजीचे 12 तिच्या चार शाखांत गेले: चुलते 3, एक आत्या 3, दुसरी आत्या 3, आणि तुमच्या वडिलांच्या शाखेला 3. हे शेवटचे 3 तुम्हा तिघा भावंडांत एकेक. तुमच्या आईला यातलं काही नाही, कारण सासूच्या वारसांत मेलेल्या मुलाची मुलं येतात, सून येत नाही. शेवटी आईचे 12, तुम्हा तिघांचे 13-13-13, आणि चुलते-आत्यांचे मिळून 9. घराचा जवळजवळ सातवा हिस्सा अशा माणसांकडे आहे, ज्यांना तो आपला आहे हे ठाऊकही नसेल. तुम्हालाही नव्हतं.

वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत मी हीच चूक केली होती. एका कुटुंबाचं हक्कसोडपत्र लिहिलं, बहिणींच्या सह्या घेतल्या, दस्त नोंदवला, पक्षकार पेढे देऊन गेले. नऊ वर्षांनी घर विकायला काढलं तेव्हा खरेदीदाराच्या वकिलाने विचारलं, ‘मयताची आई कधी वारली?’ मुलाच्या मागे अकरा महिन्यांनी वारली होती. तिच्या तीन मुलींच्या, आणि त्यातली एक गेल्यामुळे तिच्याही मुलांच्या, सह्या आणायला तो पक्षकार गुलबर्ग्यापर्यंत फिरला. तेव्हापासून माझ्या टेबलावर कोणीही वारसाचं काम घेऊन आलं की मी आधी मयताचं नाव आणि तारीख लिहितो आणि विचारतो, त्या दिवशी कोण कोण हयात होतं. बहिणीचं लग्न झालंय का, ती कुठे दिली, तिला हुंडा दिला का, हे सगळं लोक आपणहून सांगतात. त्याचा हिशोबाशी संबंध नाही. हयात कोण होतं ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता मृत्युपत्र. ते टिकलं तर घर तुम्हा दोघा भावांचं, वरचा 60 भागांचा हिशोब घरापुरता गळून पडतो. टिकतं का, हाच प्रश्न.

शंभराचा स्टॅम्प लावला म्हणून ते पक्कं झालं नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणीही सक्तीची नाही, केली तर बरं. नोटरीच्या शिक्क्याने तर काहीच होत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चं कलम 63 दोन साक्षीदार मागतं. त्या दोघांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असलं पाहिजे, किंवा ‘ही सही माझी’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असलं पाहिजे, आणि मग त्याच्या समक्ष आपली सही केलेली पाहिजे. दोघांनी एकाच वेळी हजर असावं असं नाही. पण प्रत्येकाने आपापल्या वेळी हे केलेलं हवं.

लोक यात कुठे घसरतात ते पाहा. एका दाव्यात मी मृत्युपत्राच्या बाजूने होतो. साक्षीदार यंत्रमाग कारखान्यातले जुने जॉबर, सरळ माणूस, खोटं बोलायला शिकवलं तरी जमलं नसतं. समोरच्या वकिलांनी विचारलं, ‘तुम्ही गेलात तेव्हा म्हाताऱ्यांची सही झालेली होती?’ ‘होय साहेब.’ ‘ते काय म्हणाले?’ ‘ते झोपले होते. पोरानं कागद पुढं केला, मी सही केली.’ उलटतपास तिथेच संपला. वकील खाली बसले, मीही मनातून बसलो. म्हाताऱ्यांची सही खरी होती, त्यांना तसंच वाटून द्यायचं होतं हे सगळ्या आळीला माहीत होतं. तरी मृत्युपत्र गेलं.

तुमच्या दोन साक्षीदारांपैकी शेजारी वारले, दुसरे भिवंडीला असतात. एक हयात असला तरी पुरतो. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 67 प्रमाणे हयात आणि हजर राहू शकणाऱ्या एका साक्षीदाराची साक्ष घ्यावी लागते. हा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 68 चाच नियम आहे. तेव्हा भिवंडीच्या त्या गृहस्थांना आज फोन करा. काय सांगायचं ते पढवायला नव्हे. त्यांना नेमकं काय आठवतंय, ते आधी तुम्ही ऐका. त्यांचं उत्तर त्या जॉबरसारखं निघालं तर मृत्युपत्राच्या भरवशावर एक पाऊलही पुढे टाकू नका.

आणखी एक गोष्ट मला खटकते. वडिलांचं शिक्षण कन्नड शाळेत झालं, सही कन्नडमध्ये करायचे, मराठी बोलायचे पण वाचणं बेताचं, असं तुम्ही लिहिता. मृत्युपत्र मात्र मराठीत टाइप केलेलं. आपल्या सोलापुरात हे रोजचं आहे: घरात कन्नड, पूर्व भागात तेलुगू, आणि कागद मराठीत. यात बेकायदा काही नाही, मृत्युपत्र कोणत्याही भाषेत चालतं. पण शेवटी ‘मजकूर कन्नडमध्ये वाचून समजावून सांगितला, तो बरोबर असल्याचं त्यांनी सांगितलं’ असा शेरा, आणि समजावून सांगणाऱ्याची सही असावी लागते. तो शेरा आहे का बघा. नसेल, आणि वर तुम्ही दोघे मुलगेच टायपिस्टकडे गेला असाल, तर न्यायालयाच्या भाषेत ती संशयास्पद परिस्थिती होते. ज्याला फायदा तोच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढे असेल, तर शंका दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावरच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच सांगून ठेवलंय आणि आजही प्रत्येक दाव्यात तेच वाचून दाखवलं जातं.

प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याबद्दल, तुम्हाला कोणीतरी घाबरवलंय. हिंदू माणसाने सोलापुरात, सोलापूरच्या मिळकतीचं केलेलं मृत्युपत्र प्रोबेटशिवाय चालतं. ती सक्ती मुंबईसारख्या शहरांपुरती होती. सिटी सर्व्हेच्या कार्यालयात मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं देऊन मिळकत पत्रिकेवर नोंद मागता येते. वारसांना नोटिसा निघतील. कोणी हरकत घेतली की ते प्रकरण दिवाणी न्यायालयात जाणार, आणि मग अपिलांचा रस्ता. उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाल्यामुळे मुंबईची फेरी वाचली, एवढंच. वर्षं वाचत नाहीत.

म्हणून माझं मत असं: मृत्युपत्र हातात ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. सगळ्यांच्या सह्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. त्यात मृत्युपत्राचा उल्लेख करून ‘ते आम्हांस मान्य आहे, आणि वारस म्हणून आमचा काही हक्क असल्यास तोही सोडला’ असं लिहून घ्यावं. आई, बहीण, चुलते, दोन्ही आत्या, सगळेच. दस्त करण्याआधी आजीने स्वतःचं मृत्युपत्र केलं होतं का, हेही एकदा चुलत्यांना विचारा.

हक्कसोड नोंदवावंच लागतं. स्थावरातला हक्क सोडणारा दस्त नोंदणी कायदा 1908 च्या कलम 17 मध्ये येतो. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेली हक्कसोड माझ्याकडे आठवड्याला एक तरी येते, आणि प्रत्येकाला वाटतं आपलं काम झालंय. रक्ताच्या नात्यात, वडिलोपार्जित मिळकतीत, पैसे न घेता सोडलेल्या हक्काला मुद्रांक फार नाही; पूर्वी 200 होता, ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपये झाला. घर वडिलांचं स्वकष्टार्जित आहे, म्हणून ही सवलत तुमच्या दस्ताला कशी बसते ते मसुदा झाल्यावर दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्या, सह्या झाल्यावर नव्हे. पैसे देऊन सोडवून घेणार असाल तर मात्र ती खरेदीच धरली जाते आणि शुल्कही तसंच पडतं. पैसे द्यायचे आणि दस्तात ‘बिनमोबदला’ लिहायचं, हे करू नका. बँकेच्या खात्यातली ती रक्कम पुढे कोणाच्या तरी वकिलाला सापडतेच.

हक्कसोड कोणाच्या नावे करायचं, यातही गोम आहे. तुमचा बेत असा दिसतो की बहिणीने आईच्या नावे सोडावं आणि मग आईकडून तुमच्याकडे यावं. दिसायला सभ्य, भावंडांत थेट देणंघेणं नको म्हणून लोक हाच मार्ग धरतात. पण आईच्या नावे गेलेला तो हिस्सा, आई मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या वारसांकडे जाणार. आणि आईच्या वारसांत मुलगी मुलांच्या बरोबरीने आहे. बहिणीने सोडलेला हक्क असा तिच्याच पदरात परत येतो. कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, घरं बायकांच्या नावे आहेत, तिथल्या कुटुंबांना हे चांगलं कळून चुकलंय. आई वारली की ‘घर मुलांचं’ म्हणणारे भाऊ आणि बापाला विसरलेली मुलं, दोघेही माझ्याकडे आलेत. हिंदू स्त्रीच्या मागे मुलगे, मुली आणि नवरा असे एकत्र, सारख्या हिश्श्याने येतात. (घरकुलाच्या वाटपाच्या अटी वेगळ्या बघाव्या लागतात, तो निराळा विषय.)

बहिणीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. ‘ती नाहीच म्हणणार नाही’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. तिला कोणी विचारलंय का? विचारायचं तर आईसमोर विचारू नका, आईच्या डोळ्यांत बघून कुठली मुलगी ‘हिस्सा हवा’ म्हणेल. एकटीला विचारा, तिच्या वाट्याची आजची किंमत सांगून विचारा. हवा म्हणाली तर तो तिचा आहे. त्यात तुमचं नुकसान झालं असं मानण्याचं कारण नाही.

तलाठ्यापुढच्या तिच्या जबाबाची किंमत मी सांगितली तर तुम्हाला वाईट वाटेल. सातबारा हा महसुलाचा अभिलेख. फेरफार प्रमाणित झाला म्हणजे मालकी ठरली असं होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने हे इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालंय. ‘हिस्सा नको’ या जबाबाने बहिणीचा हक्क गेलेला नाही, कारण तो जबाब नोंदवलेला दस्त नाही. तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, जिभेला वळण लागायला वेळ लागेल) तिचं नाव आधी लावायला हवं होतं. ज्याला सोडायचं त्याने नाव लागल्यावर नोंदणीकृत हक्कसोड द्यायचं. एप्रिल 2025 मध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम निघाली तेव्हा गावोगाव अशा जुन्या नोंदी उघड्या पडल्या.

शेतीचा हिशोब घरापेक्षा वेगळा. आजोबांनी हयातीत वाटणी करून दिलेली जमीन म्हणजे वडिलांच्या हातातही ती एकत्र कुटुंबाचीच, मुलांचा जन्मापासून हक्क. आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही. ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असोत-नसोत हा वादही मिटवला. तेव्हा वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. ढोबळ हिशोबाने वडील, आई आणि तिघं मुलं असे पाच हिस्से, 160 गुंठ्यांत प्रत्येकी 32. वडिलांचे 32 पुन्हा पाच वारसांत. त्यात आजीला 6 गुंठ्यांच्या थोडं वर, आणि ते चौघा शाखांत वाटले की एकेका आत्याला दीड-पावणेदोन गुंठे. तुकडेबंदीत, म्हणजे शेताचे फार लहान तुकडे न करण्याच्या कायद्यात, जिरायतीला 20 गुंठ्यांची मर्यादा आहे, म्हणजे आत्या काही तिथे वेगळा बांध घालणार नाहीत. पण जमीन विकताना, कर्ज काढताना, भूसंपादनाचा मोबदला आला तर, त्यांची सही लागेल. सोलापूरच्या चारी बाजूंना महामार्ग होताना ज्यांची जमीन गेली त्यांना विचारा. मोबदल्याची नोटीस आली की विसरलेले सगळे नातेवाईक आठवतात.

‘वडिलोपार्जित असल्यामुळे वडिलांना मृत्युपत्र करताच येत नव्हतं’ असं तुमच्या मित्राने सांगितलं, ते मात्र चूक. एकत्र कुटुंबातल्या आपल्या अविभक्त हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 30. वडिलांनी शेतीचं केलं नाही एवढंच.

मुदत ठेव सोपी. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे तो माणूस. बँक धाकट्याला रक्कम देऊन मोकळी होईल. पण ती रक्कम त्याची झाली नाही, तो ती वारसांसाठी सांभाळतो. आजीचा पाचवा हिस्सा इथेही आहे. वारस दाखला आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र यांत लोक घोळ करतात: ठेवी, शेअर, येणं असेल तर 1925 च्या कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र, स्थावरासाठी लोक आणतात तो वारस दाखला, 1827 च्या मुंबई विनियमाखाली. 1827! पेशवाई जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती. तुमच्या ठेवीला नॉमिनी आहे, सगळे एकमताने असाल तर दोन्ही लागणार नाहीत.

आता आईचं बक्षीसपत्र. आधी हे समजून घ्या की आई फक्त आपला हिस्सा देऊ शकते, पूर्ण घर नाही. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, वर स्थानिक अधिभार वगैरे. स्वस्त आहे, म्हणूनच घात होतो. बक्षीसपत्र नोंदवलं, स्वीकारलं, की देणाऱ्याच्या मनात आलं म्हणून ते रद्द होत नाही. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं.

काही वर्षांपूर्वी प्रांत कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर एक बाई भेटल्या, सत्तरीच्या. पिशवीत दस्ताची झेरॉक्स, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली. मुलाला फ्लॅट बक्षीस दिलेला, आता मुलीकडे राहत होत्या. दस्त वाचला: ‘प्रेमापोटी, कोणत्याही अटीशिवाय, कायमचे’. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण, म्हणजे आपल्याकडे प्रांत, तो दस्त रद्द ठरवू शकतात. पण अट असल्याचं दिसायला हवं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईने मुलाला दिलेलं बक्षीस रद्द करून ताबा परत करायला लावला, तिथे सांभाळण्याचं वचन कागदावर होतं. या बाईंच्या कागदावर ‘अटीशिवाय’ हा शब्द दोनदा होता. तो दस्त मी लिहिला नव्हता. पण तसाच मजकूर मी स्वतः पूर्वी लिहिलाय, छापील मसुद्यात असतो तोच. त्या दिवसानंतर माझ्या मसुद्यातून तो शब्द काढला.

तुम्ही चांगले मुलगे असाल. मी आईच्या बाजूने लिहितोय. आईने बक्षीसपत्र करू नये, मृत्युपत्र करावं: कन्नडमध्ये, तिच्या वयाचे नसलेले दोन साक्षीदार, त्यात तुम्ही नाही आणि तुमच्या बायका नाहीत, डॉक्टरांचा त्याच तारखेचा दाखला, आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. बक्षीसपत्रच करायचं असेल तर तिला त्या घरात आजन्म राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट, दोन्ही दस्तातच लिहा. आणि मुलीला काय, हे तिने मृत्युपत्रात लिहावं, ‘काही नाही’ असेल तरी कारणासकट.

राहिलं धाकट्याचं लग्न. तुम्ही हे शेवटी, ओझरतं लिहिलंय. माझ्या मते जमिनीच्या दृष्टीने ही या वर्षातली सर्वांत मोठी घटना आहे.

तो विशेष विवाह कायदा 1954 खाली लग्न करणार. त्यातली तीस दिवसांची नोटीस वगैरे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसतं ते कलम 19: एकत्र कुटुंबातला हिंदू या कायद्याखाली लग्न करतो तेव्हा तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं मानलं जातं. दोघेही हिंदू असते तर यातून सूट मिळाली असती. इथे मुलगी ख्रिश्चन, म्हणून लागू. याचा अर्थ त्याचा हिस्सा जातो असा नाही, कोणी तसं सांगत असेल तर तो लबाडी करतोय. हिस्सा पुरा राहतो, फक्त तो त्या दिवशी वेगळा होतो. आणि त्याच्या स्वतःच्या मिळकतीला यापुढे हिंदू उत्तराधिकार कायदा लागत नाही, 1925 चा लागतो. त्यात मुलं असताना बायकोला तिसरा हिस्सा, मुलांना दोन तृतीयांश, आणि आईला काहीच नाही. तुमच्या आईचं ज्या कायद्याने पहिल्या वर्गात नाव आहे, तो कायदा या मुलापुरता दारात थांबतो. म्हणून आईसाठी काही ठेवायचं असेल तर त्याने मृत्युपत्रच करावं, लग्नानंतर लगेच.

मुलीकडचे मागतात तो करार, म्हणजे घटस्फोट झाला तर कोणी कोणाला काय द्यायचं, तो आपल्याकडे न्यायालयातून वसूल होईल असं समजू नका. पोटगीचा हक्क आधीच सोडून दिला असं लिहिलं तर ते सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून फेकलं जाईल. गोव्यात जुन्या पोर्तुगीज कायद्यामुळे लग्नाआधीचे करार चालतात, मुस्लिम निकाहनाम्यात मेहेर ठरते आणि ती वसूल होते. तुमच्या धाकट्याला यातलं काही लागू नाही. पण मुलीकडचे मूर्ख नाहीत, त्यांना भीती आहे, आणि त्या भीतीवर कागद आहेत. तिला लग्नात मिळणाऱ्या दागिन्यांची वजनासकट यादी करा, पावत्या जोडा, दोघांच्या सह्या घ्या. ते तिचं आहे हे मग कोणालाही नाकारता येणार नाही. पुण्यात फ्लॅट घेतायत तर कोणाचे किती पैसे ते खरेदीखतात हिश्श्यासकट लिहा. विमा, भविष्यनिर्वाह, बँक, सगळीकडचे नॉमिनी बदला. बँकेत 1 नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, आई आणि बायको दोघीही बसतात. हे सगळं त्यांना दाखवलंत तर करार मागायचं ते बहुधा सोडून देतील.

क्रम असा ठेवा की धाकट्याच्या लग्नाची नोटीस लागण्याआधी शेतीच्या आणि घराच्या हक्कसोडीचे मसुदे तयार असावेत. नंतरही होतं, पण मग त्याचा विभक्त हिस्सा धरून दस्त पुन्हा लिहावा लागतो.

बहीण पुण्याहून मुखत्यारपत्र पाठवते म्हणाली, ते नको. फोटो आणि अंगठा तिचाच दुय्यम निबंधकासमोर झालेला बरा, पुढे ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायला जागा राहत नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी ती येतेच म्हणता. आत्याही त्याच वेळी माहेरी असतील. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दिवस सोडून एक कामाचा दिवस आत्ताच ठरवा आणि दुय्यम निबंधकाकडे वेळ घेऊन ठेवा.

येताना घराचं मूळ खरेदीखत आणि त्याचा इंडेक्स टू, मिळकत पत्रिका, सातबारा, 8-अ, तो वारस नोंदीचा फेरफार, आजोबांच्या वाटणीचा फेरफार, मृत्युपत्राची मूळ प्रत, आणि दोन मृत्यूचे दाखले. वडिलांचा तुमच्याकडे असेलच. आजीचा गावच्या ग्रामपंचायतीत मिळेल, तो आधी काढा.